सातव्या ओळीवरची खूण

वर्कशॉपमध्ये त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. हे त्याला ठाऊक होतं. ते नाव कोणी पाडलं असेल आणि का, याबद्दलही त्याला दोघांचा संशय होता.

एकतीस वर्षं तो लष्कराच्या जड ट्रकांचे हवेचे ब्रेक बघत आला होता. इंजिनवाल्याचं बरं असतं. इंजिन बिघडलं की ते ओरडतं, धूर सोडतं, चारचौघांत तमाशा करतं. ब्रेक आतल्या गाठीचा. आज न लागलेला प्रत्येक ब्रेक काल व्यवस्थित लागलेला असतो. म्हणून सगळं ठीक दिसलं की मिस्त्रीला आधी घाम फुटे, आणि मग तो बाह्या वर करून कामाला लागे.

घरीही तसंच. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. दूध हुंगल्याशिवाय प्यायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी खिडकीतल्या उजेडात धरून उलटसुलट पाहायची, जणू तिच्या पोटात काही लपवलंय. मुलीला स्थळ आलं तेव्हा तो एकटाच मुलाच्या गावी गेला आणि त्याच्या घरासमोरच्या न्हाव्याकडे दाढीला बसला. दाढी होईपर्यंत न्हाव्याने त्या घराची इतकी स्तुती केली की मिस्त्री अर्ध्या दाढीने उठायच्या बेतात होता. परत येऊन बायकोला म्हणाला, "इतकं चांगलं कोणी असतं का?"

"असतं," बायको म्हणाली. "तुम्ही कधी घरात नीट बघितलंच नाही."

लग्न झालं. जावई लष्करात ड्रायव्हर, जड ट्रकांवरचा. तीन वर्षांत मिस्त्रीला त्याच्यात खोट सापडली नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला मधूनमधून टोचत असे.

त्या आठवड्यात तीन नंबरच्या शेडमध्ये जो आठ चाकांचा ट्रक उभा होता, तो याच जावयाचा होता.

पुलाचे लोखंडी भाग वाहून नेणारा ट्रक. ताफ्याबरोबर डोंगरापलीकडच्या तळावर निघाला होता. तिकडे आठ महिने मुक्काम. घाटाच्या उतारावर ताफा मुंगीच्या पावलांनी उतरत असताना हा ट्रक अचानक जागच्या जागी खिळला. मागचा ट्रक येऊन त्याच्यावर आदळला, त्यातल्या एकाचं खांद्याचं हाड मोडलं, आणि चाळीस गाड्या तीन तास घाटात अडकून पडल्या.

या ट्रकांची रीत जरा उलटी असते. मागच्या आसांपाशी एकेका डब्यात एक जाडजूड स्प्रिंग कोंडलेली असते. तिचं काम एकच, चाक धरून ठेवणं. हँडब्रेक सोडला की डब्यात हवा भरते, हवा स्प्रिंगला दाबून धरते आणि चाक मोकळं होतं. हँडब्रेक लावला की डब्यातली हवा निघून जाते आणि स्प्रिंग चाक पकडते. रस्त्यात हवा गळून संपली, तरीही तेच. ड्रायव्हरने काही करायची गरज नाही. ट्रक आपणहून थांबतो.

जावयाचं म्हणणं हेच होतं. गेजचा काटा उतरत गेला, बझर वाजला, मी गाडी कडेला घेणार तोवर चाकं धरली. मग मी हँडब्रेक लावला, इंजिन चालू ठेवलं, आणि दहा मिनिटांत काटा परत वर. जणू काही झालंच नव्हतं.

आणि जावयाची बायको, म्हणजे मिस्त्रीची मुलगी, सातव्या महिन्यात माहेरी आलेली होती.

दोन आणि दोन चार करायला चौकशी अधिकाऱ्याला वेळ लागला नाही. हवेच्या टाकीच्या पोटाखाली साचलेलं पाणी काढायला एक कडी असते. ती ओढली की फस्सकन हवा सुटते. कडीत काडी अडकवून ठेवली तर हवा हळूहळू गळत राहते. काडी काढून फेकली की पुरावा संपला. पूर्वी एका ड्रायव्हरने नको असलेली बदली चुकवायला ही युक्ती केली होती. तो पकडला गेला तो मिस्त्रीमुळेच. ही हकिगत मिस्त्रीने मोठ्या अभिमानाने सांगितली होती, दोन वर्षांपूर्वी, जेवताना, जावयालाच.

ते त्याला मोठ्या साहेबांच्या दारात उभं असताना आठवलं.

मोठे साहेब त्याला म्हणाले, "मिस्त्री, जावई तुमचा आहे हे मला माहीत आहे. पण हवेच्या ब्रेकचं तुमच्याइतकं कोणाला कळतं? तीन दिवस देतो. बिघाड असेल तर लिहा. नसेल तर तसं लिहा. नसेल, तर मग तुमच्या जावयाला मी वाचवू शकत नाही. शिक्षा होईल, आणि ती लहान नसेल."

"आणि बिघाड सापडला, तर मी तो मुद्दाम काढला असं म्हणतील," मिस्त्री म्हणाला.

"म्हणून तर हवालदार तुमच्या शेजारी बसणार आहे."

हवालदार चौकशी विभागातला. हाडकुळा, घडीचं स्टूल घेऊन हिंडणारा, कानाला पेन्सिल. पहिल्याच सकाळी त्याने स्टूल अशा जागी मांडलं की मिस्त्रीचे दोन्ही हात त्याला कायम दिसावेत. संध्याकाळी तो प्रत्येक डब्यावर, टाकीवर, दारावर कागदी पट्ट्या चिकटवून त्यांवर सही करी, आणि सकाळी भिंगातून त्या तपासून मगच ट्रकला हात लावू देई.

"भिंग कशाला?" मिस्त्रीने विचारलं.

"तुम्ही ट्रक का तपासता?"

"बिघडलाय की नाही ते बघायला."

"मीही तेच बघतो," हवालदार म्हणाला. "फक्त ट्रक नाही."

मिस्त्रीला राग यायला हवा होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या जातकुळीचं कोणीतरी भेटलंय असं त्याला वाटलं, आणि त्याने लगेच त्या वाटण्यावरही संशय घेतला.

दोन दिवस तपासणी चालली. इंजिन चालू करून हवेचा काटा आठावर, म्हणजे पूर्ण दाबावर, आणला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक लावला आणि वाट पाहिली. तासाने काटा आठावर. जेवणाच्या सुट्टीनंतर आठावर. संध्याकाळी कागदी पट्ट्या चिकटवताना आठावर. मिस्त्री ट्रकखाली सरपटत जाई, प्रत्येक जोडाशी कान लावी, नळ्यांवरून बोटं फिरवी. पायाखालच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला, स्वच्छ. हवा कोरडी करणारा डबा पाहिला, स्वच्छ. टाक्यांच्या कड्या नीट बसलेल्या. कुठल्याच कडीत काडी नाही, पण काडी तिथे नसणं हा काडी नसल्याचा पुरावा होत नाही.

ट्रक निरोगी होता. मग आजारी कोण?

घरी जावई ओसरीवर बसलेला असे. चौकशी संपेपर्यंत त्याला गाडीला हात लावायची मनाई होती. मिस्त्री आत आला की मुलगी आणि जावई बोलता बोलता गप्प होत. मिस्त्री चपला काढायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मागच्या अंगणात गेला. दोरीवर जावयाचा गणवेशाचा शर्ट वाळत होता. उजव्या बाहीच्या कडेला तेलाचा डाग होता. टाकीची कडी ओढली की जे पाणी उडतं ते असंच तेलकट असतं. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं आणि बाही नाकाशी नेली.

"अहो! जावयाचे कपडे हुंगताय?"

मागे बायको उभी होती, हातात चिमट्यांची टोपली.

"डाग बघत होतो."

"नाकाने?"

"तेलाचा आहे."

"आहेच तेलाचा. शिलाई मशीनच्या तेलाचा. बाही उसवली होती, ती काल मी शिवली. आता माझीही चौकशी लावा." तिने शर्ट ओढून घेतला. "इतकी वर्षं संसार केला तुमच्याबरोबर, मी काही बोलले नाही. तुम्ही माझ्या हातचं मीठसुद्धा चाखून मग विश्वास ठेवता. पण त्या पोराकडे असं बघू नका. पोरगी बघतेय."

रात्री सगळे जेवायला बसले. शेवटी मिस्त्रीनेच विषय काढला, पाण्याच्या भांड्याकडे बघत.

"जावई, घाटाच्या आधी ताफा कुठे थांबला होता का?"

"थांबला होता. दहा मिनिटं. नाक्यावर."

"तेव्हा तुम्ही खाली उतरला होतात?"

जावयाचा घास हातात राहिला. "लघवीला उतरलो होतो, मामा. कुठे केली तेही दाखवू?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. मला एवढंच सांगा, तुम्ही आत्ता घरचे म्हणून विचारताय की चौकशीचे म्हणून? म्हणजे मला कळेल, उत्तर देताना बसून द्यायचं की उभं राहून."

मुलगी उठली. हळू उठली, टेबलाला धरून, आणि आत निघून गेली. आतून तिचा आवाज आला, "बाबा, ते मला म्हणाले की ही गाडी लबाड आहे. चालत असली की रडते, कोणी बघायला आलं की डोळे पुसते. तुम्ही तिला विचारा ना. माणसांना काय विचारता?"

मिस्त्रीने ताट बाजूला सारलं. आरोपीची बायको आरोपीच्या बाजूनेच बोलणार, एवढंच त्याने मनात नोंदवलं. आणि मग त्याला स्वतःची किळस आली, पण नोंद खोडली गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराने पट्ट्या तपासल्या. मिस्त्रीने इंजिन चालवून काटा आठावर आणला, बंद केलं, आणि खाली जाण्याआधी नेहमीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "हँडब्रेक लागला?"

शेडचा हा नियम होता. खाली जाणाऱ्याने विचारायचं, वर असलेल्याने केबिनच्या उघड्या दारातून, खांद्याएवढ्या उंचीवरच्या हँडब्रेकच्या दांडीकडे बघून उत्तर द्यायचं. गेले दोन दिवस हे उत्तर हवालदार देत होता.

"लागला," हवालदार म्हणाला. मग स्टुलावर टेकत म्हणाला, "मिस्त्री, एक अडाण्याचा प्रश्न विचारू?"

"अडाणी माणूस विचारत नाही. बोला."

"घाटात हा ट्रक हँडब्रेक लावून चालला होता का?"

"वेड लागलंय का? हँडब्रेक लावून ट्रक चालेल कसा?"

"मग तुम्ही दर वेळी हँडब्रेक लावूनच का तपासता?"

मिस्त्री ट्रकखाली अर्धा गेलेला होता. तो बाहेर आला. त्याचा चेहरा पाहून हवालदाराने पेन्सिल कानावरून काढली.

"ती भिंत वाचता येते?" मिस्त्री म्हणाला.

भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: हँडब्रेक लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. अक्षरं वेडीवाकडी होती. रंगाऱ्याने काढलेली नव्हती.

"मी लिहिलंय ते. अकरा वर्षांपूर्वी. माझा जोडीदार होता एक, वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. हँडब्रेक सोडून खाली गेला होता. चाकाला एकच ठोकळा. ट्रक वीतभर सरकला. वीतभर. बास." त्याने हाताची वीत हवेत धरली आणि ती धरलेलीच राहिली. "तेव्हापासून या शेडमध्ये हँडब्रेक सोडून कोणी खाली जात नाही. मी जाऊ देत नाही."

"बरोबर आहे," हवालदार म्हणाला. त्याने वहीत काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे हा ट्रक चालताना आतून कसा असतो, हे अकरा वर्षांत कोणी पाहिलेलंच नाही."

मिस्त्री भिंतीपाशी गेला. तिथल्या खिळ्याला तपासणीच्या कागदांचा गठ्ठा अडकवलेला होता. प्रत्येक ट्रक बाहेर पडण्याआधी भरायचा कागद; बारा ओळी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. त्याने या ट्रकचा कागद शोधला. ताफा निघण्याच्या दोन दिवस आधीचा. सातवी ओळ: चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून हवेची गळती तपासली. पुढे खूण. खाली त्याची सही.

ती खूण त्याला आठवत नव्हती. खुणा कोणाला आठवतात? पेन खाली येताना ती आपोआप उमटते, सहाव्या आणि आठव्या ओळीच्या मध्ये. त्याने मागचा कागद पाहिला. त्याच्या मागचा. गठ्ठा उलटत गेला. सगळीकडे सातव्या ओळीवर तीच खूण, किंचित डावीकडे झुकलेली.

कागदावर खोटं लिहिणार नाही, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. दुधावर संशय घेतला, गोळीवर घेतला, न्हाव्यावर, बायकोच्या मिठावर, पोरीच्या नवऱ्यावर. रोज हातात येणाऱ्या या कागदावर मात्र कधी घेतला नाही, कारण तो स्वतःच्या अक्षरातला होता.

"मिस्त्री?" हवालदार म्हणाला.

"ठोकळे आणा," मिस्त्री म्हणाला. "शेडमधले सगळे."

सोळा ठोकळे जमले, आठ चाकांना पुढून आणि मागून. मिस्त्रीने प्रत्येक हातोडीने ठोकून बसवला, मग लाथ मारून पाहिली. खिशातून बेअरिंगची एक गोळी काढून फरशीवर ठेवली. ती पुढच्या चाकाच्या दिशेने हळूच घरंगळली; फरशीला उतार होता. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच कोणाला मारलं होतं. मग पुढच्या चाकांमागून साखळी घेऊन खांबाला बांधली.

"आता चढा केबिनमध्ये," तो म्हणाला, "आणि काट्याकडे बघा. मी दांडी सोडतोय."

दांडी खाली गेली. कुठेतरी पोटात हवा धावली, ट्रकने एक लहान सुस्कारा टाकला आणि ठोकळ्यांवर टेकला. काटा आठाच्या जरा खाली येऊन थांबला.

थांबला नाही. उतरत होता. घड्याळाचा तासकाटा सरकतो तसा, बघताना हलत नाही पण बघून झालं की हललेला असतो. पाच मिनिटांत साडेसात. दहा मिनिटांत सातच्या खाली.

"हे काय आहे?" हवालदार कुजबुजला, जणू ट्रक ऐकेल.

"लबाड आहे," मिस्त्री म्हणाला, आणि शब्द कोणाचा ते त्याला मग आठवलं.

गळती आहे हे कळलं. कुठे, ते वरून कळणार नव्हतं. इंजिन बंद होतं, चाकं ठोकळ्यांत होती, साखळी ताणलेली होती, आणि हवा संपली तर स्प्रिंगा आपणहून चाकं धरणार होत्या. हे सगळं मिस्त्रीला ठाऊक होतं. तरी तो ट्रकच्या कडेशी गुडघे टेकून बराच वेळ तसाच राहिला. एका हातात साबणाच्या फेसाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. एकतीस वर्षं ट्रकांखाली जाणाऱ्या माणसाला फरशी इतकी खोल कधी दिसली नव्हती.

"मी आधी जातो," हवालदार म्हणाला.

"कशाला?"

"तुम्ही आधी गेलात तर तिथे काहीतरी कराल. माझं कामच आहे संशय घेणं." आणि तो गणवेशासकट फरशीवर आडवा झाला.

मिस्त्री त्याच्या मागोमाग गेला. दोघे पाठीवर शेजारी शेजारी पडले, वर चिखल वाळलेलं लोखंड. आवाज आता स्पष्ट होता. झोपलेल्या मुलाच्या नाकातून येतो तेवढा. तिसऱ्या आसाची डावी बाजू. मिस्त्रीने स्प्रिंगच्या डब्यावर, आत पाणी साचू नये म्हणून ठेवलेल्या बारक्या भोकाभोवती फेस लावला. फेस फुगला. एक बुडबुडा मोठा झाला, फुटला, त्याच्या जागी दुसरा आला.

मिस्त्री बाहेर आला आणि त्याने दांडी वर केली. हँडब्रेक लागला. खालून हवालदार ओरडला, "थांबले!" दांडी खाली. "आले!" वर. "थांबले!" खाली. "आले हो, आले!" शेवटच्या हाकेला हवालदाराच्या आवाजात चौकशी उरली नव्हती.

अकरा वर्षं हे असंच चाललं असणार. माणूस खाली जायच्या आधी हँडब्रेक लावायचा, डबे रिकामे व्हायचे, आणि जो डबा गळका असे त्यात गळायला हवाच उरायची नाही. जीव वाचवणारा नियमच रोग झाकत होता.

हवालदार बाहेर आला, केसांत माती, पाठ काळी. पण बसल्या बसल्या त्याचा मूळ स्वभाव परतला. "मिस्त्री, ही गळती तुम्हीच या तीन दिवसांत केली नाही कशावरून?"

"तुमच्या पट्ट्या कुठे होत्या?"

"डब्यावर." तो क्षणभर थांबला. "रोज. माझ्या सहीसकट."

"आणि माझे हात?"

"माझ्यासमोर." तो हसला. हसल्यावर त्याचे दात दिसले, आणि ते मिस्त्रीला पहिल्यांदाच दिसत होते. "म्हणजे तुमच्या जावयाला माझ्या संशयाने वाचवलं म्हणायचं."

तरी डबा उघडायचाच होता. मिस्त्रीने आधी लांब बोल्ट घालून आतली स्प्रिंग आवळून बांधली, कारण ती मोकळी उसळली तर माणसाचं डोकं ठेवत नाही. मग डबा उतरवला. आतल्या, हवा अडवणाऱ्या रबरी पडद्याला बोटाच्या पेराएवढी चीर होती. चिरेच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आत रस्त्याची धूळ रुतलेली. ही चीर तीन दिवसांची नव्हती. दोन-तीन महिन्यांची असावी. इंजिन जोरात असताना गळालेली हवा परत भरत राहते. घाटात, मुंगीच्या पावलांनी उतरताना, घडोघडी ब्रेक दाबताना ती भरत नाही.

हवालदाराने पडदा कागदात गुंडाळला, त्यावर सही केली. "लिहा अहवाल. बिघाड सापडला, साक्षीदार मी. तुमचा जावई सुटला. चहा घेऊ."

मिस्त्रीने लिहिलं. तिसरा आस, डावा डबा, पडदा फाटलेला, चीर जुनी. ड्रायव्हरचा दोष नाही. एवढ्यावर सही केली असती तर संपलं असतं. साहेब हेच वाचणार होते, आणि ऐन रस्त्यात बिघाड झाला म्हणून शिक्का मारणार होते. हवालदाराने सातव्या ओळीबद्दल काही विचारलं नव्हतं. गठ्ठा त्याच्या पाठीमागे भिंतीवर लटकत होता. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं: याच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊन हा गप्प आहे? पेन्सिल कानावर होती.

बाहेर आवारात एकोणीस ट्रक उभे होते. सगळ्यांच्या सातव्या ओळीवर डावीकडे झुकलेली खूण.

त्याने पेन परत टेकवलं. 'निघण्यापूर्वीच्या तपासणीत सातव्या ओळीवर खूण माझी आहे. ती तपासणी मी केली नव्हती. गेली अकरा वर्षं या शेडमध्ये ती झालेली नाही. आवारातले सर्व ट्रक पुन्हा तपासावेत.' आणि सही.

हवालदाराने वाचलं. बराच वेळ वाचलं. "हे कोणी विचारलं नव्हतं, मिस्त्री."

"माहीत आहे."

"लोक म्हणतील, जावयासाठी स्वतःवर घेतलं."

"म्हणू देत. शंकासुराला लोकांनी काय म्हणावं, याची सवय आहे."

"तुम्हाला ते नाव माहीत आहे?" हवालदार दचकून म्हणाला, आणि मिस्त्रीच्या मनातल्या दोन संशयितांत एकाची भर पडली.

साहेबांनी त्याला सही करायच्या टेबलावरून काढलं. पान्याचं काम राहिलं, कागदाचं गेलं. एकोणीस ट्रक दोन दिवसांत पुन्हा तपासले गेले, सोळा सोळा ठोकळे लावून. आणखी दोन ट्रकांचे डबे गळके निघाले. त्या दोन रात्री मिस्त्रीने घरच्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं नाही. बायकोच्या ते लक्षात आलं. तिने उठून स्वतः ओढून पाहिलं आणि ती येऊन झोपली.

जावई निर्दोष सुटला, म्हणून त्यानंतर चौथ्या दिवशी त्याला तळावर निघायचा हुकूम आला. मुलगी म्हणाली, "बघा बाबा. गुन्हेगार ठरले असते तर निदान जवळच्या कोठडीत असते." मग हसली, आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. मिस्त्रीने माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

निघण्याच्या सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा जावई आधीच आला होता. ट्रकला नवा पडदा बसवलेला, कागद भरलेला, दुसऱ्या कोणाच्या सहीचा, सातव्या ओळीवर सरळ उभी खूण.

"तपासलंय," मिस्त्री म्हणाला. "मीच डबा बसवला."

"हो मामा," जावई म्हणाला. अदबीने म्हणाला. आणि ठोकळे उचलून एकेका चाकाला लावू लागला.

मिस्त्री बघत राहिला. जावयाने प्रत्येक ठोकळा ठोकला, लाथ मारून पाहिली. केबिनमध्ये चढून दांडी सोडली, काटा पाहिला, घड्याळ पाहिलं. मग खाली उतरून त्याने सासऱ्यापुढे हात पसरला.

"ती गोळी द्या ना. बेअरिंगची. हिने सांगितलं, तुमच्या खिशात असते."

मिस्त्रीने ती दिली. जावयाने फरशीवर ठेवली. गोळी पुढच्या चाकाकडे हळूच घरंगळली. जावयाने भुवया जवळ घेऊन तिच्याकडे पाहिलं, मग सोळाच्या सोळा ठोकळ्यांकडे, मग सासऱ्याकडे, आणि त्या नजरेत विश्वास म्हणावा असं काहीही नव्हतं.

मिस्त्रीने भिंतीवरची साखळी उतरवली, खांबाला बांधली आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही बांधा," तो म्हणाला. "आणि बांधून झाली की ओढून बघा. तीनदा."